सॉफ्टबॉलमधील लहान कॅचरचे साहित्य : मापाचे घ्यावे, वाढत्या अंगाचे नको



या पानावर मी एरवी लागण, खोडवा, बेणे आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे आणि त्याला कारण आपणच आहात. उसाच्या नोंदीसाठी गटात फिरताना गेल्या काही महिन्यांत चार-पाच सभासदांनी मला एकच गोष्ट विचारली. "साहेब, पोरगी शाळेत सॉफ्टबॉल खेळतीया. सरांनी तिला कॅचर केलंय अन् सामान बघा म्हणालेत. काय घ्यायचं, कुठल्या मापाचं घ्यायचं, काही उमगंना." माझी धाकटी मुलगी याच जागेवर खेळते. तेव्हा मैदानावरच्या मार्गदर्शकांना विचारून आणि दुकाने पालथी घालून जी माहिती जमली ती येथे मांडतो. मी शेतकी पदविकेचा माणूस, क्रीडाशिक्षक नव्हे. खेळ कसा शिकवावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. साहित्य पारखून कसे घ्यावे एवढेच सांगणार आहे.

ज्या घरात हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सॉफ्टबॉलचा उगम १८८७ साली अमेरिकेत शिकागो शहरी झाला. एका क्लबात बसलेल्या मंडळींनी मुष्टियुद्धाचा मोजा दोरीने गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो मारला, अशी त्याची जन्मकथा आहे. आज हा खेळ आपल्या राज्यात शालेय स्पर्धांतून खेळला जातो, जळगाव-अमरावतीकडे तर त्याचे चांगलेच वेड आहे. शिवछत्रपती पुरस्काराच्या यादीतही सॉफ्टबॉल खेळाडूंची नावे आहेत. ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ पर्यंत होता, नंतर टोकियोला २०२१ साली झाला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी त्याची पुन्हा निवड झाली आहे.

नावात 'सॉफ्ट' आहे म्हणून चेंडू मऊ असतो असे कोणी समजू नये. मोठ्या गटाच्या चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान असते. क्रिकेटचा चेंडू ९ इंच घेराचा, साधारण १६० ग्रॅमचा. म्हणजे हा त्याहून मोठा आणि वजनानेही जास्त. पिचर तो हात खालून चक्राकार फिरवून टाकतो. मोठ्या महिला गटात पिचरचे अंतर ४३ फूट असते, लहान मुलींना ते ३५ ते ४० फुटांपर्यंत कमी केलेले असते. ताशी ७० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू ४० फूट अंतर सेकंदाच्या सहा-दशांश भागात कापतो. कॅचर बॅटरच्या मागे उकिडवी बसून हा चेंडू झेलते.

परंतु खरा धोका सरळ येणाऱ्या चेंडूचा नसतो. तो दिसतो, त्याच्यासाठी मिट तयार असते. धोका असतो बॅटला निसटता लागून दिशा बदलणाऱ्या चेंडूचा. बॅट आणि कॅचरचे तोंड यांत दोन-तीन फुटांचे अंतर. डोळा मिटायच्या आत चेंडू मुखवट्यावर, गळ्यावर नाहीतर खांद्यावर आदळलेला असतो. तेथे चपळाई कामाची नाही, सराव कामाचा नाही. अंगावर जे घातले आहे तेच काय ते वाचवते. म्हणून मैदानावरच्या नऊ खेळाडूंत कॅचरच्या साहित्याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे मुलांचे कपडे घेताना एक रीत आहे. गणवेश घ्यायचा तो दोन बोटे मोठा, चप्पल घ्यायची ती एक नंबर जास्त, "वाढत्या अंगाचं हाय, पुढच्या वर्षीबी होईल." काटकसरीच्या दृष्टीने ही रीत वाईट नाही. माझे स्वतःचे बालपण त्याच कपड्यांत गेले. पण कॅचरच्या साहित्याला ही रीत लावली की त्या साहित्याचा उपयोग संपतो. मोठे हेल्मेट चेंडू लागताच फिरते आणि जाळीची सळई डोळ्यासमोर येते. लांब लेग गार्डची गुडघ्याची वाटी मांडीवर येते आणि खरा गुडघा उघडा पडतो. मोठे चेस्ट गार्ड बसल्यावर वर सरकून हनुवटीला टेकते, मग मुलीला मान खाली घालून चेंडू पाहता येत नाही, ती मान वळवते, आणि मान वळवली की कानशील पुढे येते. साहित्य अंगावर आहे म्हणून आईबाप निर्धास्त असतात, आणि मार लागतो तो नेमका उघड्या जागी. दहा ते चौदा या वयात मुले झपाट्याने वाढतात हे खरे. त्याला उपाय मी पुढे सांगितला आहे, पण मोठे माप हा उपाय नव्हे.

माप घरीच घेता येते. शिंप्याची टेप आणि वही पुरे. डोक्याचा घेर भुवयांच्या किंचित वरून, मागे डोक्याचा जो फुगवटा असतो त्यावरून मोजावा. छातीसाठी कंठाखालच्या खळगीपासून बेंबीपर्यंतची लांबी घ्यावी. पायासाठी मुलीला खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात ठेवून, गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून घोट्याच्या घडीपर्यंत मोजावे. हे तीन आकडे इंचांत लिहून खिशात ठेवावेत. दुकानदार वय विचारतो आणि वयावरून डबा काढून देतो; आपण आकडे पुढे करावेत. बारा वर्षांची एक मुलगी दहाची दिसते, दुसरी चौदाची. वयावर माप ठरत नाही हे आपल्याला सांगायला नको. एकाच दिवशी लावलेल्या दोन सऱ्यांतला ऊस तरी कुठे सारखा असतो? मोबाईलवरून मागवणाऱ्यांनी तर आकड्यांवाचून बोट लावू नये.

पैसे थोडे असतील तर ते आधी डोक्यावर खर्च करावेत. हेल्मेटचे दोन प्रकार मिळतात. जुन्या पद्धतीत डोक्याला टोपीसारखे कवच आणि तोंडाला वेगळा मुखवटा असतो. नव्या पद्धतीत, आइस हॉकीच्या गोलरक्षकासारखे, दोन्ही एकत्र असते. या दुसऱ्या प्रकारची चाल अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९९६ साली पडली. जुन्या प्रकाराची सोय अशी की उंच उडालेला चेंडू शोधताना मुखवटा झटकन काढून फेकता येतो. सराईत खेळाडूला ते बरे वाटते. शिकाऊ मुलीसाठी मात्र माझे मत एकत्र हेल्मेटच्या बाजूने आहे, कारण त्यात कान आणि कानशिले झाकली जातात आणि ते एकदा नीट बसले की हलत नाही.

नीट बसले हे कसे ओळखावे? हेल्मेट घालून हनुवटी तिच्या वाटीत बसवावी आणि मुलीला होकार-नकाराची मान जोरात हलवायला सांगावी. डोके हलेल तेवढेच हेल्मेट हलले पाहिजे. मग तिला उकिडवे बसवून पुढे वाकायला लावावे. मुखवटा नाकावर उतरता कामा नये. कानाचे भोक कानापाशी यावे. मान न वळवता तिला दोन्ही बाजूंची आपली बोटे दिसावीत. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघावे. आणि एक गोष्ट आईने बघायची आहे, बापाच्या लक्षात येत नाही. शाळेत दोन वेण्या रिबिनीने वर दुमडून बांधतात, तशा वेण्यांवर हेल्मेट बसत नाही, अंबाड्यावर तर नाहीच. खेळताना मानेपाशी खाली एकच वेणी असावी, आणि हेल्मेटची परीक्षा त्याच वेणीने करावी.

घशाला वेगळे संरक्षण हवे. काही मुखवट्यांची जाळी खाली लांब आलेली असते, काहींना खाली पट्टी लोंबती बांधावी लागते. ही पट्टी कशी आली ते सांगण्यासारखे आहे. १९७६ साली अमेरिकेत स्टीव्ह यीगर नावाचा बेसबॉलचा कॅचर आपली फलंदाजीची पाळी यायची वाट पाहत उभा होता. सहकाऱ्याची बॅट मोडली आणि तिच्या ढलप्या त्याच्या गळ्यात घुसल्या. तो वाचला. परत खेळताना त्याच्या संघाच्या वैद्यकीय मदतनिसाने मुखवट्याखाली लोंबती पट्टी बसवून दिली, तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडे मुखवटा असतो आणि ही पट्टीच हरवलेली असते, असे मी दोन-तीन मैदानांवर पाहिले आहे. वस्तू लहान आणि स्वस्त आहे. नसेल तर त्या दिवशी मुलीला त्या जागी बसू देऊ नये.

पुष्कळ घरांत थोरल्या भावाचे क्रिकेटचे सामान पडलेले असते. ते चालेल का, असे विचारतात. यष्टिरक्षकाचे पॅड घालून सबंध डाव उकिडवे बसता येत नाही, हातमोजे दोन असतात आणि कॅचरला फेकीचा हात मोकळा लागतो. क्रिकेटचे हेल्मेट सहसा घसा झाकत नाही आणि त्याची झापड वर उडालेला चेंडू दिसू देत नाही. बॅटरच्या जाळीदार हेल्मेटचेही तेच. ते कॅचिंगसाठी केलेले नाही. मजा अशी की कॅचरच्या पायाचे गार्ड मुळात क्रिकेटच्याच पॅडवरून आले. १९०७ साली न्यूयॉर्कच्या रॉजर ब्रेस्नाहन या कॅचरने तसे पॅड बांधून मैदानात उतरण्याचे धाडस केले, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची टर उडवली होती. पण शंभरांहून अधिक वर्षांत ती वस्तू पार बदलली आहे. क्रिकेटमधली एकच गोष्ट जशीच्या तशी चालते, ती म्हणजे मुलांसाठी जांघेचे गार्ड. मुलगा कॅचर असेल तर ते घातल्यावाचून त्याला बसवू नये.

चेस्ट गार्ड दुकानात मुलगी उभी असताना बघतात आणि तेथेच फसतात. कॅचर उभी राहून झेलत नाही. तिला बसवून बघावे. गळ्याकडची कड गळ्याच्या खळगीला भिडावी, गळपट्टीची हाडे झाकली जावीत, खालची कड मांडीवर आपटून गार्ड वर चढू नये. मग फेकीचा हात मागे नेऊन चेंडू फेकल्याचा आव आणायला सांगावे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावणाऱ्याला बेस सोडता येत नाही. सुटला की तो पळतो आणि कॅचरला दुसऱ्या बेसवर फेक करायला जवळजवळ ८५ फूट अंतर असते. खांद्याचा तुकडा हाताला अडत असेल तर मुलगी वैतागून पट्टे ढिले करते आणि छाती उघडी पडते. मुलींसाठी वेगळ्या घडणीचे गार्ड मिळतात, मिळाले तर तेच घ्यावे. आतला फोम मऊ आणि खंडाखंडांचा असावा म्हणजे चेंडू आदळून पुढ्यात पडतो. कडक फळीसारख्या गार्डवरून तो दहा फूट उसळतो आणि तेवढ्यात धावणारा एक बेस घेतो.

छातीच्या बाबतीत भीती घालण्याचा हेतू नाही, पण माहिती असावी. हृदयाच्या ठोक्यामधल्या एका ठरावीक क्षणी, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या वेळात, डाव्या छातीवर चेंडू बसला तर निरोगी मुलाचेही हृदय थरथरू लागते आणि रक्त पुढे ढकलणे थांबते. असे फार क्वचित घडते, परंतु लहान वयात बरगड्यांचा पिंजरा लवचीक असल्याने मुलांत ते अधिक आढळले आहे. अमेरिकेत शालेय बेसबॉलच्या कॅचरसाठी २०२० पासून याकरिता खास प्रमाण ठरवलेले चेस्ट गार्ड सक्तीचे केले आहे. त्या प्रमाणाचा शिक्का, एन.ओ.सी.एस.ए.ई. अशी इंग्रजी अक्षरे, गार्डवर आणि हेल्मेटवर शोधावीत. साधा गार्ड मार हलका करतो, पण या प्रकाराला तो पुरेल असे धरून चालू नये. कोणतेही मूल छातीला चेंडू लागून कोसळले आणि हालचाल करीना, तर पाणी मारत, कांदा हुंगवत बसू नये. १०८ ला फोन लावायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचे. जवळपास हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र असेल तर एकाने ते आणायला पळायचे. मैदानावर हजर असणाऱ्या दोन माणसांना तरी हे करता आले पाहिजे.

लेग गार्डचे फार लिहीत नाही. माप बरोबर असले की बहुतेक काम झाले. गुडघ्याची वाटी गुडघ्यावरच राहावी, खालचा तुकडा पायाच्या बोटांकडचा भाग झाकणारा असावा. हूक नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूस यावेत. आत आले तर धावताना एकात एक अडकून मुलगी तोंडावर पडते. डावा-उजवा पाय ओळखायची खूण तीच.

मिटचे मात्र सविस्तर सांगतो, कारण पैसे सर्वांत जास्त येथे वाया जातात. कॅचरची मिट ही जाड गादीची, बोटे वेगळी नसलेली. सॉफ्टबॉलसाठी तिचा घेर साधारण ३२ ते ३४ इंच असतो. बेसबॉलची मिट दिसायला तशीच, पण तिचा खळगा लहान चेंडूसाठी केलेला असतो. त्यात १२ इंची चेंडू मावत नाही, कडेवर आपटून बाहेर पडतो. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात आणि बेसबॉलची कधी स्वस्त लागते. चेंडू बरोबर नेऊन खळग्यात बसवून पाहावा. दुसरी गफलत हाताची. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीची मिट डाव्या हातात असते. तिच्यावर 'राइट हँड थ्रो' अशा अर्थाची अक्षरे असतात. ती पाहून उजव्या हाताची समजून परत करणारेही भेटले आहेत.

मुलीने मिट घालून आपल्याच बळाने ती मिटवून दाखवली पाहिजे. मिटत नसेल तर मिट कितीही भारी असो, ती तिच्यासाठी नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पूर्ण मिट बहुधा झेपत नाही. त्यांनी साध्या बोटांच्या ग्लोव्हवर एखादे वर्ष काढावे. आपल्याकडे मेरठ आणि जालंधर येथे तयार होणारे सामान ठीक मिळते, शिकाऊ मुलीला परदेशी नावाची गरज नाही.

नवी मिट ताठ असते. ती मुरवावी लागते. कोल्हापुरी चपलेला तेल पाजून मऊ करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको, पण येथे हात आखडता ठेवावा. चामड्याचे तेल फडक्यावर दोन-चार थेंब घेऊन खळग्याला आणि घडीला चोळायचे. तेल ओतले तर गादी जड होते आणि चामडे सैल पडते. पाण्यात भिजवू नये, चुलीजवळ किंवा पत्र्यावर तापवू नये. खळग्यात चेंडू ठेवून दोरीने बांधून रात्रभर ठेवावी, दिवसा लाकडी मोगरीने ठोकावी, आणि रोज पन्नास-साठ चेंडू झेलावेत. तीन-चार आठवड्यांत ती हाताला येते. सामन्याच्या आदल्या दिवशी नवी मिट देऊ नये.

आता वाढत्या अंगाचा उपाय. मिट आपली स्वतःची असावी. ती हाताप्रमाणे मुरते आणि पाच-सहा वर्षे जाते. हेल्मेट शक्य असल्यास स्वतःचे, कारण घाम, उवा आणि माप तिन्ही आडवे येतात. चेस्ट गार्ड आणि लेग गार्ड यांचे मात्र एकट्या घराने दर दीड वर्षाला नवे आणणे परवडणारे नाही. तेथे चार पालकांनी वर्गणी काढून शाळेत लहान आणि मध्यम असे दोन संच ठेवावेत. पोरगी लहान संचातून बाहेर पडली की तो तिच्या मागची वापरेल. अवजार बँकेत आपण हेच करतो. कारखान्याकडून यासाठी काही व्हावे का, हा प्रश्न संचालक मंडळाचा आहे; त्यावर नोकराने लिहिणे बरे नव्हे.

जुने सामान घ्यायला हरकत नाही, पण फोम अंगठ्याने दाबून पाहावा. तो सावकाश वर यायला हवा. कडक झाला असेल, भुगा पडत असेल, तर ते सामान फुकटही नको. जाळी वाकली असेल तर ती हातोडीने सरळ करून आणणारे महाभाग आहेत. वाकलेली जाळी टाकून द्यावी. कवचाला केसाएवढी चीर असली तरी तेच. हेल्मेटला ऑइलपेंट देऊ नये, थिनरने पुसू नये, प्लास्टिक ठिसूळ होते.

खेळून आल्यावर सामान पोत्यात कोंबून ठेवले की घामाने इलॅस्टिक कुजते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळत घालावे, उन्हात नव्हे. आणि कोठीच्या खोलीत खुंटीला उंच टांगावे. उंदराला या पट्ट्यांची चव फार आवडते असे दिसते. सुट्टीत दोन महिने जमिनीवर ठेवलेला संच जूनमध्ये बाहेर काढला तर बक्कल तेवढे शिल्लक राहते. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात टेप घेऊन पुन्हा तीन मापे घ्यावीत आणि वहीत मागच्या आकड्यांपुढे लिहावीत.